मुलांच्या पुस्तकांचे कपाट

(देवस्थानच्या अग्रशाळेत मुलांसाठी पुस्तकांचे कपाट उघडण्यात आले, त्या प्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रींच्या पालखीपूर्वी अर्धा तास बोलावे अशी आज्ञा मला झाली आहे. मी वक्ता नव्हे, साहित्यिक तर मुळीच नव्हे. माझा उभा जन्म कारकुनीत गेला. दुसऱ्याने बोललेले लिहून काढायचे आणि वरिष्ठांच्या सहीसाठी पुढे ठेवायचे, एवढेच मला ठाऊक. तेव्हा माझ्या बोलण्यात काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे. हे कपाट मांडण्याचे आणि त्यातली पुस्तके निवडण्याचे काम समितीने मजकडे सोपविले. ती पुस्तके मी कोणत्या विचाराने निवडली आणि त्यांतली काही आपणांस कदाचित रुचणार नाहीत तरी ती का ठेवली, ह्याचा हिशेब आपणांपुढे मांडणे हे माझे कर्तव्य आहे.

आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल की वार्षिक उत्सवात महाजनांच्या गुणवंत मुलांना बक्षिसे वाटण्याची आपली जुनी प्रथा आहे आणि त्या बक्षिसांची पुस्तके बरीच वर्षे मीच आणीत असे. यादी मुखत्यारांकडून येई. मी पणजीला किंवा मडगावला जाई आणि गठ्ठा बांधून बसने आणी. पुस्तक निवडताना माझ्या तीन कसोट्या असत. किंमत मंजूर रकमेत बसली पाहिजे, दुकानदाराने सूट दिली पाहिजे आणि कोणीही हरकत घेता कामा नये. ह्यांतली तिसरी कसोटी मी सर्वांत काटेकोरपणे पाळली. त्यामुळे वर्षानुवर्षे तीच पुस्तके येत राहिली. थोरांची चोवीस-चोवीस पानांची चरित्रे, ज्यांत प्रत्येक थोर पुरुष लहानपणी खरे बोलत असे व दिव्याच्या उजेडात अभ्यास करीत असे. त्यांच्या जोडीला बोधकथा, निबंधमाला आणि वरच्या इयत्तेसाठी साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. एका महाजनाच्या मुलीला तिसऱ्या वर्षी ‘श्यामची आई’ची तिसरी प्रत मिळाली तेव्हा तिने व्यासपीठावरच माझ्याकडे पाहून हसून ती घेतली. त्या हसण्याचा अर्थ मला कळला होता, पण पुढल्या वर्षीही मी तेच पुस्तक आणले, कारण सूट चांगली होती.

अशाच एका वर्षी मुंबईस राहणारे एक महाजन कुटुंब उत्सवाला येऊ शकले नाही आणि वाटपानंतर टेबलावर एक प्रत उरली. सभामंडपातली मंडळी महाप्रसादासाठी उठली होती. मी यादीवर खुणा करीत बसलो होतो. चौघडा वाजविणाऱ्याचा मुलगा दीपस्तंभापाशी उभा होता, बारा-तेरा वर्षांचा. तो पायऱ्यांपर्यंत आला आणि म्हणाला, “बाब, तें एक पुस्तक उरलां न्हय? हांव वाचून परत हाडून दितां.”

मी म्हणालो, “तें महाजनांच्या भुरग्यांक.”

मी रागाने बोललो नाही. नियम होता तो सांगितला. तोही काही बोलला नाही. “बरें” म्हणून निघून गेला. उरलेली प्रत मी कार्यालयातल्या लाकडी कपाटात ठेवली आणि साठ्याच्या वहीत नोंद केली. दोन पावसाळ्यांनी कपाट उघडले तेव्हा ती वाळवीने खाल्लेली होती. वहीत मी माझ्या हाताने शेरा लिहिला, ‘एक प्रत वाळवीने नष्ट, सबब साठ्यातून कमी.’ ती वही अजून कार्यालयात आहे व तो शेराही आहे. एक पुस्तक आपण वाळवीला दिले, पण आपल्याच देवळात रोज चौघडा वाजविणाऱ्याच्या मुलाला दिले नाही. ह्याला कोणी अन्य जबाबदार नाही. सही माझी आहे.

पुढे एकदा सहज ते पुस्तक मी स्वतः वाचावयास घेतले. ज्याच्या शेकडो प्रती आपल्या हातून गेल्या ते आपण पूर्ण वाचले नव्हते, हे कबूल करण्यास मला लाज वाटते. सर्वसाधारण समज असा की ते मातृभक्तीचे सोज्ज्वळ पुस्तक आहे व कोणाच्याही हातात निर्धास्त द्यावे. पण त्यातली आई श्यामला सांगते की त्या म्हाताऱ्या महारणीची मोळी तू उचलून तिच्या डोक्यावर दे. गाव काय म्हणेल ह्याची तिला जाणीव आहे, आणि म्हणून घरी आल्यावर स्नान कर असेही ती सांगते. हे दोन्ही एकाच पुस्तकात आहे. दहा वर्षांचे चौकस मूल विचारील, “स्नान का?” आणि उत्तर आपल्याला द्यावे लागेल. हे पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. ज्या माझानीच्या नियमावलीप्रमाणे आपण आजही महाजन म्हणून नोंदले जातो, तीही १९३३ सालचीच, हा योगायोग कारकुनाच्या नजरेतून सुटत नाही. पुढे १९४७ च्या मे महिन्यात ह्याच लेखकाने पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. म्हणजे कोणीही हरकत घेणार नाही म्हणून मी जे पुस्तक दरवर्षी आणीत होतो, त्याच्या लेखकाने एका देवस्थानाचे दार उघडावे म्हणून प्राण पणाला लावले होते.

हे मी कोणाला दुखविण्यासाठी सांगत नाही. सांगायचे ते एवढेच की निरुपद्रवी समजून आपण मुलांना जी पुस्तके देतो, तीही आपण नीट वाचलेली नसतात.

आता थोडे माझ्या स्वतःच्या वाचनाविषयी. आमच्या पिढीचे शिक्षण विचित्र. सकाळी मराठी शाळेत मोडी-बाळबोध, मग पोर्तुगीज प्राथमिक आणि ज्याला जमेल त्याने पुढे पणजीस लिसेंव. लिसेंवमध्ये आम्हांला पोर्तुगालच्या नद्या मुखोद्गत होत्या. तेजु, दोरू, मोंदेगु अशा एका दमात म्हणून दाखवीत असू. पण दर तीन महिन्यांनी आमच्या कुळागरात नारळ पाडायला येणाऱ्या पाडेलीच्या मुलाचे नाव मला माहीत नव्हते. तो माझ्याच वयाचा होता. खाली पडलेले नारळ गोळा करी, मी ओटीवरून मोजीत असे.

त्या काळात शाळेच्या ग्रंथालयातून एक पुस्तक माझ्या हाती पडले. एदमोंदो दे आमिचिस ह्या इटालियन लेखकाचे, १८८६ साली प्रसिद्ध झालेले. पोर्तुगीजमध्ये त्याचे नाव ‘कोरासांव’, म्हणजे हृदय. तूरिन शहरातल्या एका सरकारी शाळेतल्या एन्रीको नावाच्या मुलाची ही एका वर्षाची रोजनिशी. वर्गात सगळ्या तऱ्हेची मुले. कोणी कोळसेवाल्याचा, कोणी लोहाराचा, कोणी भाजी विकणारीचा मुलगा, ज्याचा एक हात लुळा आहे. दूर दक्षिणेकडच्या प्रांतातून आलेला एक. आणि नोबिस नावाचा एका श्रीमंताचा मुलगा, जो एके दिवशी कोळसेवाल्याच्या मुलाला म्हणतो की तुझा बाप फाटका भिकारी आहे. त्याच दिवशी दुपारी कोळसेवाला गाऱ्हाणे घेऊन शाळेत येतो. योगायोगाने नोबिसचा बापही मुलाला सोडावयास आलेला असतो. तो सद्गृहस्थ मुलाला सर्वांदेखत क्षमा मागावयास लावतो, कोळसेवाल्याचा हात हातात घेतो आणि मास्तरांना विनंती करतो की ह्या दोघांना एका बाकावर बसवा.

दुसरा प्रसंग तर मी कधीच विसरलो नाही. गवंड्याचा मुलगा एन्रीकोच्या घरी खेळावयास येतो. बापाचे जुने जाकीट कापून शिवलेले त्याच्या अंगावर असते, त्यावरचा चुना कोचाला लागतो. एन्रीको तो झटकावयास हात पुढे करतो, तर त्याचे वडील त्याला थांबवितात. मग कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने ते स्वतः तो पुसून टाकतात. मागाहून ते मुलाला समजावतात की तो पाहुण्यादेखत झटकला असतास तर त्याला बोलल्यासारखे झाले असते, आणि कामाने लागलेले ते, त्याला घाण म्हणू नये.

बंधुभगिनींनो, मी ज्या घरात वाढलो तिथे ओटीवर कोण बसेल, अंगणात कोण उभा राहील आणि कोणाला पाणी वरून ओतायचे, हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते. आम्हांला ते येतच होते. कोचावरचा चुना पुसू नये ही गोष्ट मला घरात नाही, मराठी शाळेत नाही, एका परक्या भाषेतल्या परक्या गावच्या पुस्तकात मिळाली. त्या पुस्तकात अश्रू फार आहेत आणि राजा-सैन्य-झेंडा ह्यांचा गजरही फार आहे. आज ते जसेच्या तसे मुलांना द्यावे असे मी म्हणणार नाही. पण आपल्यासारखी नसलेली मुले एका पुस्तकात नावानिशी भेटली तर काय घडते, ते मला तिथे कळले. पुढच्या खेपेस नारळ पाडायला मंडळी आली तेव्हा मी खाली उतरून त्या मुलाचे नाव विचारले. वडील ओटीवरून पाहत होते. ते काही बोलले नाहीत.

आता आजच्या मुलांकडे पाहू. आपली नातवंडे पर्वरीच्या, मुंबईच्या, कोणी परदेशच्या सदनिकांत वाढतात. पुस्तके त्यांना कमी नाहीत. वाढदिवसाला इंग्रजी चित्रांची सुंदर पुस्तके येतात. त्यांतली मुले बर्फात घसरतात आणि सहलीला निघाली की टोपलीत आपल्याला न चालणारे सगळे असते. मोबाइलची तक्रार मी करीत नाही, ती सगळेच करतात. माझी चिंता निराळी आहे. आम्ही तेजु नदी घोकली, ही मुले दुसरी एखादी नदी घोकतात. वर्गात ज्या ख्रिस्ती मुलीशेजारी ती बसतात, ज्या मुसलमान मुलाबरोबर फुटबॉल खेळतात, घरी काम करणाऱ्या बाईची जी मुलगी पायरीवर बसून आईची वाट पाहते, त्यांच्यापैकी कोणीही त्यांच्या पुस्तकात नसते. शिरगावच्या लईराईचे तेल म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीकडे जाते, कारण त्या बहिणी आहेत असे आपले लोक मानतात. देवतांना जे ठाऊक आहे ते आपल्या मुलांच्या पुस्तकांना ठाऊक नसावे, हे बरे दिसत नाही.

म्हणून हे कपाट. ह्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो. सर्वच पुस्तकांविषयी बोलत बसलो तर पालखी निघून जाईल.

अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे ह्यांची पुस्तके भरपूर घेतली आहेत. लिहिणे आणि चित्र काढणे दोन्ही त्यांचेच. त्यांच्या गोष्टींत उपदेश नाही. घर आहे, शेजार आहे, आजारपण आहे, भांडण आहे आणि मूल मूलच आहे. त्यांच्या ‘वाचू आनंदे’ ह्या संचात चांगल्या लेखकांचे उतारे आणि चित्रकारांची चित्रे शेजारी-शेजारी दिली आहेत. आजी-आजोबांनीही तो संच चाळावा. मराठी बालसाहित्यासाठीचा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला. २०१९ साली तोच पुरस्कार सलीम सरदार मुल्ला ह्यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ ह्या पुस्तकाला मिळाला, तेही घेतले आहे. विंदा करंदीकरांच्या बालकविता आहेत. त्यांच्याविषयी मी काय सांगणार! त्या मोठ्याने वाचावयाच्या असतात एवढेच सांगतो.

साहसकथा हव्यात. मुलांना त्या लागतातच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याचा, सायकलवरून भरधाव जाणारा. त्याच्या गोष्टी वाचून आमच्या घरातली दोन पिढ्यांची मुले मराठी वाचावयास शिकली. फक्त मुलींनी मला विचारले की सायकल नेहमी मुलाकडेच का. ह्याचे उत्तर मजपाशी नव्हते. ताम्हनकरांची ‘चिंगी’ मी त्यांच्या हातात दिली आणि वेळ मारून नेली.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मला एकच पुस्तक निवडावयास सांगितले तर मी ‘तोत्तोचान’ निवडीन. तेत्सुको कुरोयानागी ह्या जपानी बाईंनी आपल्या शाळेच्या आठवणी लिहिल्या, त्या १९८१ साली जपानीत प्रसिद्ध झाल्या. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी ह्यांनी केला असून नॅशनल बुक ट्रस्टने तो स्वस्तात उपलब्ध केला आहे. खोडकर म्हणून एका शाळेने काढून टाकलेली ही मुलगी तोमोई नावाच्या शाळेत जाते, जिथे आगगाडीचे जुने डबे हेच वर्ग. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी चार तास तिचे बोलणे ऐकून घेतात. जेवणाच्या डब्यात काही समुद्राचे आणि काही डोंगराचे असावे एवढाच त्यांचा नियम, आणि एखाद्याच्या डब्यात त्यांतले काही नसेल तर मुख्याध्यापकांच्या पत्नी ते वाढीत. गोवेकराला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. ह्या शाळेत पोलिओने पाय अधू झालेला यासुआकी नावाचा मुलगा आहे. झाडावर चढणे त्याला शक्य नाही. तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर पाहुणा म्हणून बोलावते आणि शिडी आणून, ओढून, घामाघूम होऊन वर घेते. ह्या प्रसंगात कोणी कोणाची कीव करीत नाही. अपंग किंवा गरीब मूल पुस्तकात केवळ आपल्याला दयाळू बनविण्यासाठी आणलेले असले की मुलांना ते लगेच कळते व ती पान उलटतात. १९४५ साली बाँबहल्ल्यात ती शाळा जळाली. शेवटची पाने वाचताना मुलांच्या जवळ कोणीतरी बसावे.

ह्यांहून थोड्या मोठ्यांसाठी राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’ आहे. मूळ इंग्रजी कादंबरी मार्जरी किनन रॉलिंग्ज ह्यांची, १९३८ सालची. फ्लॉरिडाच्या रानातला ज्योडी, त्याने पाळलेले हरणाचे पिल्लू आणि त्या पिल्लाने खाल्लेले घरचे मक्याचे पीक. अनुवाद म्हणजे काय असतो हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने ते पुस्तक हाती घ्यावे. आणि वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’, १९८१ सालचे. अमेरिकेत गुलामीत जन्मलेले हे काळे मूल आईसह पळविले गेले. आई पुन्हा सापडली नाही, मूल मात्र एका घोड्याच्या बदल्यात परत मिळाले. शिक्षणासाठी तो गावोगाव हिंडला, लोकांचे कपडे धुऊन त्याने पोट भरले. एका महाविद्यालयाने त्याला प्रवेश दिला, पण तो समोर येऊन उभा राहताच त्याचा वर्ण पाहून परत पाठविले. पुढे टस्कीगीच्या संस्थेत त्याने कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमूग पेरावयास शेतकऱ्यांना शिकविले. आमच्या एका नातवाने हे पुस्तक संपवून मला विचारले, “आजोबा, असे आपल्याकडे कोणाला परत पाठवीत होते का?” मी त्याला दीपस्तंभापाशी उभ्या असलेल्या मुलाची गोष्ट सांगितली. आज आपणांस सांगितली त्याच्या आधी ती मी फक्त त्याला सांगितली होती.

चौदा-पंधराव्या वर्षानंतरच्या मुलांसाठी वरचा खण आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) त्यात आहे. धनगरांच्या वस्तीवर नेमला गेलेला कोवळा मास्तर आणि रिकामी शाळा. आपल्याही सत्तरी-काणकोणच्या डोंगरांत धनगर आहेत, दूध विकावयास येतात तेवढीच आपली ओळख. ॲन फ्रँकची रोजनिशी आहे. तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत तिने लिहावयास आरंभ केला आणि ज्यू म्हणून जन्मली एवढ्याच कारणाने दोन वर्षे लपून काढली. सावईवेऱ्याच्या लक्ष्मणराव सरदेसायांच्या कथा आहेत, कारण हिंदू आणि ख्रिस्ती असा सगळा गोवा त्यांत मराठीत भेटतो. दामोदर मावजोंची ‘कार्मेलीन’ कोंकणीत आहे. १९८१ सालच्या ह्या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोटासाठी कुवेतला आया म्हणून गेलेल्या ख्रिस्ती बाईची ती कहाणी. मराठी कपाटात कोंकणी पुस्तक कसे, असे एका सद्गृहस्थांनी मला विचारले. मी म्हणालो, आपण हा प्रश्न आता मला कोंकणीतच विचारलात. ते हसले, आणि पुस्तक राहिले.

आणि दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आहे. ह्याच पुस्तकावरून समितीत सर्वाधिक चर्चा झाली, तेव्हा त्याविषयी स्पष्ट बोलतो. ते लहानांचे पुस्तक नव्हे. मी स्वतः ते उशिरा वाचले आणि तीन वेळा मिटून ठेवले. गाव, देऊळ, पंगत, सण हे सगळे आपण आतून पाहिलेले. त्यात ते गावकुसाबाहेरून पाहिलेले आहे आणि बाहेरून ते फार वेगळे दिसते. सोळा-सतरा वर्षांच्या मुला-मुलींनी ते वाचावे, पण आधी आईबापांनी वाचावे. न वाचता कोणी हरकत घेतली तर ती मी नोंदवून घेणार नाही. वाचून घेतली तर अवश्य चर्चा करू.

राहिल्या दोन हरकती, ज्या मजपर्यंत आल्या आहेत. पहिली अशी की देवाच्या पैशातून असली पुस्तके कशाला, पुराणे आणि संतचरित्रे असावीत. ती आहेतच, एक पूर्ण खण त्यांचा आहे. पण ह्याच चौकात कीर्तनकार बुवा जेव्हा गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर एकनाथमहाराजांनी उचलून कडेवर घेतले ही कथा सांगतात, तेव्हा आपण सगळेच डोळे पुसतो. ते पोर मोठे झाल्यावर त्याने काय लिहिले असते, तेच वरच्या खणात आहे. शिवाय आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी ठिकठिकाणच्या देवळांच्या अग्रशाळांत मराठी शाळा भरत, देवाच्याच आश्रयाने मुले अक्षर ओळख शिकत. तेव्हा हा खर्च नवा नाही, मधल्या काळात तो आपण थांबविला होता.

दुसरी हरकत अधिक नाजूक आहे. पुस्तके कोणतीही ठेवा, पण ती न्यावीत कोणी? महाजनांच्या वर्गणीतून कपाट झाले, तेव्हा ते महाजनांच्या मुलांपुरते असावे, असे काही बंधूंचे मत आहे. त्यांचा हेतू वाईट नाही. पुस्तके हरवतील, फाटतील ही भीती खरी आहे. कारकुनाला ती सर्वांत आधी वाटते. पण आमच्या लिसेंवचे शिक्षण ज्यांच्या पदरी पडले त्यांना पणजीचे सरकारी ग्रंथालय ठाऊक आहे. १८३२ साली स्थापन झालेले ते ग्रंथालय आज कृष्णदास शामा ह्यांच्या नावाने पाटोवर उभे आहे, तिथे मुलांसाठी वेगळा विभाग आहे आणि दारात कोणी आडनाव विचारीत नाही. आमच्या गावाहून पणजीला जाऊन येण्याचे भाडे ज्याला परवडते त्याचे मूल तिथे जाते. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी अग्रशाळा आहे. महाजनकी जन्माने मिळते आणि तिचे हक्क व जबाबदाऱ्या नियमावलीत लिहिलेल्या आहेत. मी ती नियमावली पोर्तुगीजमध्ये दोन वेळा वाचली. पुस्तक कोणी वाचू नये असे कलम मला तिच्यात सापडले नाही. पुस्तके हरवली तर दरवर्षी पाच प्रती भरून देण्याची जबाबदारी मी वैयक्तिकरीत्या घेतो, तसे लेखी समितीला दिले आहे. ह्या विषयावरचा ठराव पुढील सर्वसाधारण सभेपुढे येईल. त्या सभेला नेहमीप्रमाणे कोरमपुरते बारा जण न येता आपण सर्वांनी यावे.

तोपर्यंतची व्यवस्था सांगून माझे बोलणे पुरे करतो. कपाट रविवारी सकाळी आरतीनंतर बारापर्यंत आणि बुधवारी सायंकाळी उघडेल. किल्ली माझ्याकडे व एक अग्रशाळेच्या व्यवस्थापकांकडे. एका वेळी दोन पुस्तके, पंधरा दिवस. देवाणघेवाणीच्या वहीत मी पाच रकाने आखले आहेत: अनुक्रमांक, मुलाचे नाव, वाडा, पुस्तकाचे नाव आणि परत करण्याची तारीख. कुळाव्याचा रकाना घातलेला नाही. कपाट ह्या वेळी लोखंडी घेतले आहे, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवले आहे आणि खणांत कडुनिंबाचा पाला घातला आहे. पाला दर महिन्याला बदलावा लागेल. त्यासाठी बालमित्रांपैकी दोघांची नावे मला पालखीनंतर हवी आहेत.